तिसरी-चौथीत येऊनही वाचता न येणाऱ्या मुलांना वाचतं करताना: नव्या शिक्षकांसाठी

मराठी शाळेतल्या तिसरी-चौथीच्या वर्गात पाठ सुरू झाला की काही मुलं पुस्तकात बघून ओठ हलवत राहतात. फळ्यावरचं ती सुरेख अक्षरात उतरवून घेतात, गृहपाठाच्या वहीत लाल शेराही नसतो. एखाद्या अनोळखी ओळीवर बोट ठेवून 'वाच बरं' म्हटलं की मात्र गप्प होतात. अशा मुलांना वेगळं बसवून वाचतं करण्याचं काम जिल्हा परिषदेच्या शाळेत 'उपचारात्मक अध्यापन' म्हणून येतं, खासगी शाळेत 'रेमेडियल' म्हणून, तर एखाद्या संस्थेत 'वाचनवर्ग' म्हणून. ते तुमच्याकडे नव्यानं आलं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगते. मूल नेमकं कुठे अडलंय हे कळेपर्यंत त्याला शिकवायला घेऊ नका. बहुतेक ठिकाणी उलट होतं. यादी हातात आली की सगळ्यांना एकत्र बसवून 'अ'पासून सुरुवात होते. ज्याचं घोडं फक्त जोडाक्षराशी अडलंय तो महिनाभर मुळाक्षरं गिरवतो, आणि जिला निम्मी अक्षरंच ओळखता येत नाहीत ती बाराखडीचा सूर धरून सगळ्यांबरोबर ओरडते. दोघांचाही वेळ जातो, आणि 'आपल्याला येतच नाही' ही त्यांची समजूत आणखी घट्ट होते.

वर्गशिक्षकांशी आधी बोला

तुम्ही मुलांना कोणत्या तासाला नेणार, हे वर्गशिक्षकांबरोबर बसून ठरवा. खेळ, चित्रकला, कार्यानुभव यांच्या तासांना हात लावू नका. शाळेत या मुलांना शाबासकी मिळत असेल तर ती याच तासांना. मराठीच्याच तासातला वेळ मागा, नाहीतर परिपाठानंतरचा. रोज ४० मिनिटं मिळाली तर छानच. तेवढी नाही मिळाली तर रोजचा अर्धा तास मागा, पण आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास घेऊ नका. मधल्या दिवसांत मुलं विसरतात आणि पुन्हा मागून सुरुवात करावी लागते. शाळा सुटल्यावरचा जादा वर्ग शक्यतो नकोच. मुलं दमलेली असतात, घरी धाकटी भावंडं वाट बघत असतात आणि इतर मुलं खेळायला गेलेली दिसली की वर्ग म्हणजे शिक्षाच वाटते.

आणखी एक विनंती वर्गशिक्षकांना जरूर करा: या मुलांची नावं वर्गात मोठ्यानं वाचू नयेत. 'कच्ची मुलं', 'अप्रगत', 'ढ' हे शब्द मुलांच्या कानावर पडता कामा नयेत. गटाचं नाव मुलांनाच ठरवू द्या.

पहिला आठवडा फक्त तपासणीचा

एका वेळी एकच मूल घ्या. वऱ्हांड्यात, बाकीच्यांपासून लांब बसा, आणि समोर न बसता शेजारी बसा. मुलाचं बोट आणि नजर कुठे आहे ते शेजारूनच नीट दिसतं. एका मुलाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

सुरुवातीला 'असर'ची वाचन चाचणी वापरा. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होणाऱ्या या सर्वेक्षणाची पट्टी साधी आहे: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. आधी परिच्छेद द्या. तो जमला तर गोष्ट द्या, नाही जमला तर शब्द, आणि तेही नाही जमले तर अक्षरं. मूल कोणत्या पायरीवर उभं आहे ते यातून कळतं. कशामुळे उभं आहे ते मात्र कळत नाही, ते तुम्हाला शोधायचं आहे.

त्यासाठी मूल जे वाचेल ते जसंच्या तसं लिहून घ्या. समजा वाक्य आहे, 'मीना विहिरीवर पाणी भरायला गेली.' एक मूल वाचतं, 'मीना… वि… हि… विहीर पाणी भरते.' याला अक्षरं येतात, वेलांटी कळते, पण लांब शब्दाचा पुढचा भाग तो अंदाजानं उरकतो. 'वर' गळलं, 'भरायला'चं 'भरते' झालं. दुसरं मूल 'मीना'ला 'मना' आणि 'पाणी'ला 'पण' वाचतं. त्याची नजर व्यंजनावरून पुढे जाते, स्वरचिन्ह त्याच्या लेखी नुसती खूण आहे. तिसरं मूल सगळं वाक्य नीट वाचतं, फक्त 'पाणी'ला 'पानी' म्हणतं. ही चूक नाही. त्याच्या घरी 'पानी'च म्हणतात. शब्द ओळखला, अर्थ कळला, तर खूण करू नका. वाचनाच्या तासाला उच्चार सुधारायला बसलात तर मूल वाचायचंच थांबतं.

हे झालं की चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा. अक्षरं उलटसुलट क्रमानं विचारा, कारण 'क ख ग घ'च्या ओघात मूल न बघताही पुढचं अक्षर सांगतं. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ट-ठ-ढ या सारख्या दिसणाऱ्या जोड्या मुद्दाम शेजारी ठेवा. स्वरचिन्हंही बाराखडीच्या क्रमात न विचारता 'मु, के, ली, टो, पै' अशी विचारा. मग 'टिमू', 'लोगा', 'केपू' असे कुठल्याच अर्थाचे नसलेले शब्द द्या. हे आधी कधीच दिसलेले नसल्यानं आठवणीवर भागत नाही. जोडून वाचता येतं की नाही ते इथे उघड होतं. शेवटी 'पुस्तक, ज्वारी, बर्फ, चक्र, दऱ्या' असे जोडाक्षरांचे शब्द द्या.

तपासणीला पाठ्यपुस्तकातला धडा कधीही घेऊ नका. वर्गात ऐकून ऐकून तो पाठ झालेला असतो. धडाधड म्हणणाऱ्या मुलाचं बोट बघा. तोंड तिसऱ्या ओळीवर आणि बोट पहिल्या ओळीच्या मध्यावर असेल तर तो वाचत नाही, म्हणून दाखवतोय.

आता राहिली समज. एक छोटी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांतून शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. ऐकलेली गोष्ट रंगवून सांगणारं, पण स्वतः वाचू न शकणारं मूल वेगळं, आणि फाडफाड वाचून 'गोष्टीत काय झालं?' याला खांदे उडवणारं मूल वेगळं. या दोघांना एकच औषध देऊ नका.

गट इयत्तेवर नको, अडचणीवर करा

चार ते सहा मुलांचा गट बरा. साधारणपणे तीन गट पडतात: अक्षरांशी अडलेली मुलं, स्वरचिन्हं-जोडाक्षरांशी अडलेली, आणि वाचता येतं पण अडखळत किंवा अर्थाविना, अशी. तिसरीचं आणि चौथीचं मूल एका गटात आलं तरी चालेल. पाचवीच्या मुलाला मात्र शक्यतो लहानांत बसवू नका, त्याला फार लाजल्यासारखं होतं. त्याच्यासाठी अक्षरं तीच ठेवा, मजकूर वेगळा घ्या: क्रिकेट, बाजार, एसटीची पाटी.

ही कल्पना आपल्याकडची आहे. मुंबईत १९९० च्या दशकात 'प्रथम'नं महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना रोज वेगळं घेऊन बसायची. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या कामाचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलं कोणत्या इयत्तेत आहेत ते न बघता त्यांना जिथवर येतं तिथून शिकवलं की ती पुढे जातात, हे या अभ्यासांनी दाखवून दिलं. तुमच्याकडे बी.एड. असो वा नसो, हा धीर मनात असू द्या.

अक्षरांचा गट: थोडी अक्षरं, लगेच शब्द

सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत शब्दासाठी थांबू नका. पाच-सहा अक्षरं आणि एक स्वरचिन्ह घ्या आणि त्याच आठवड्यात शब्द वाचायला द्या. मराठीत ही पद्धत फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेनं आणि पालघर जिल्ह्यातल्या क्वेस्टनं वर्षानुवर्षं वापरली आहे. उदाहरणार्थ क, म, न, ल, र, त आणि काना. एवढ्यावर कान, नाक, मान, काम, काका, मामा, मका, लाल, तारा, रात, नाला इतके शब्द तयार होतात. त्यात 'आ' मिळवला की 'काल मामा आला' हे वाक्य वाचता येतं. जे मूल तीन वर्षं शाळेत येऊन एकही वाक्य वाचू शकलेलं नाही, त्याच्यासाठी हे वाक्य फार मोठं आहे. ते त्याच्याकडून दोनदा वाचून घ्या, घरी न्यायला पट्टीवर लिहून द्या.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच गटात आणू नका. 'भ' पक्का झाल्यावर मग 'म', मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

अक्षरं ओळखतं पण शब्द होत नाही, असं मूल भेटेलच. ते 'क… म… ळ' म्हणतं आणि थांबतं. कारण ते प्रत्येक अक्षर 'कअ, मअ, ळअ' असं लांबवतं, आणि आपण बोलताना 'कमळ'च्या शेवटचा 'अ' म्हणतच नाही. त्याला 'जोडून वाच' एवढं सांगून भागत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर तीनदा म्हणा, दर वेळी मधलं अंतर कमी करत. चार अक्षरी शब्द असेल तर बोलण्यात पडतात तसेच तुकडे पाडा: 'कर-वत', 'खर-वस'. दहा-बारा शब्द असे झाले की मूल स्वतः तुकडे पाडू लागतं.

रोजच्या तासात चार शब्द ऐकून लिहायला द्या. वाचनाच्या तासाला लिहायचं कशाला, असं वाटेल. पण लिहिताना मुलाला आवाज सुटे करावे लागतात, आणि कोणता आवाज त्याच्या हातातून निसटतो ते तुम्हाला पाटीवर दिसतं.

स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं

आपल्या लिपीत काही चिन्हं बोलण्याच्या क्रमानं येत नाहीत. मुलांच्या बऱ्याचशा चुका तिथे होतात. पहिली वेलांटी आधी दिसते, पण ऐकू येते व्यंजनानंतर. 'स्थिर'मध्ये तर ती अख्ख्या जोडाक्षराच्या आधी बसते. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल इथे गोंधळतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. 'ही खूण आधी दिसली तरी नंतर म्हणायची' हे स्पष्ट शब्दांत सांगा, बोट फिरवून दाखवा.

'र'ची तर चार रूपं आहेत: गर्दी, चक्र, ट्रक, दऱ्या. रफार सगळ्यात अवघड. 'गर्दी'त तो 'दी'च्या डोक्यावर बसतो आणि म्हणायचा असतो 'दी'च्या आधी. चारही रूपं एका दिवशी फळ्यावर लिहून मोकळं होऊ नका. एक रूप, त्याचे आठ-दहा शब्द, त्या शब्दांची दोन-चार वाक्यं, आणि मग पुढचं.

'चाक'मधला 'च' आणि 'चिमणी'तला 'च' वेगळा, 'जाळं'मधला 'ज' आणि 'जीभ'मधला वेगळा. घरी मराठी बोलणारी मुलं हे आपसूक सांभाळतात. घरी हिंदी किंवा उर्दू बोलणारी मुलं सगळीकडे एकच 'च' म्हणतील. शब्द तोंडी म्हणून दाखवा, एवढं पुरे. हिंदी पुस्तकांतून किंवा मोबाइलवरून शिकलेल्या मुलांना 'ल' आणि 'श' यांची हिंदी वळणंच ओळखीची असतात. मराठी वळणांची ओळख वेगळी करून द्या.

लांब शब्द, मग ओघ

मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'झाड' वाचणारं मूल 'झाडावरच्या'ला अडतं, 'घर' वाचणारं 'घरासमोरच्या'ला. वर सांगितलेलं 'विहिरीवर'चं 'विहीर' करणारं मूल इथलंच. कागदाच्या पट्टीवर 'झाड' लिहा, त्यापुढे 'आवर', त्यापुढे 'च्या' अशा पट्ट्या जोडत जा. मग तोच शब्द सलग लिहून वाचायला द्या. 'विहीर'चं 'विहिरीवर' होताना दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते, तीही दाखवा. नियम सांगायची गरज नाही, डोळ्यांना सवय होऊ द्या.

ओघ येण्यासाठी तोच छोटा मजकूर तीन-चार दिवस वाचायचा. पहिल्या दिवशी तुम्ही वाचून दाखवा, दुसऱ्या दिवशी मुलं तुमच्याबरोबर, मग जोडीनं, मग एकेकटी. दर पंधरवड्याला नवा, न पाहिलेला उतारा देऊन एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजा. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे. आकडा तुमच्या वहीत ठेवा, मुलांसमोर घड्याळ नाचवू नका. 'लवकर, लवकर' ऐकलेलं मूल अंदाजानं शब्द फेकायला लागतं आणि तुमची महिनाभराची मेहनत वाया जाते. शिवाय 'घरासमोरच्या' हाही एकच शब्द आणि 'तो' हाही एकच. उतारा बदलला की आकडा हलतो, म्हणून दोन आकड्यांतल्या लहान फरकावरून अनुमान काढू नका.

अर्थाचा गट

या मुलांना आणखी वाचायला लावून फायदा नाही, त्यांच्याशी बोलायला हवं. वाचण्याआधी गोष्टीतल्या तीन-चार नव्या शब्दांवर गप्पा मारा. वाचताना मध्येच थांबून 'आता काय होईल?' विचारा. शेवटी 'तिनं असं का केलं असेल?' हा प्रश्न असू द्या. ज्याचं उत्तर ओळीवर बोट ठेवून उचलता येतं असे प्रश्न एक-दोनच.

कोरकू, गोंडी, पावरी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांबरोबर हे काम जास्त धीरानं करा. कोरकू आणि गोंडी तर मराठीच्या कुळातल्याही नाहीत. त्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत गोष्ट सांगू द्या, त्यातलं एखादं वाक्य देवनागरीत फळ्यावर लिहा, वाचून घ्या, मग मराठीकडे वळा. आपली भाषा फळ्यावर बघून एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

वाचायला पुस्तकं हवीत आणि शाळेच्या कपाटातली बहुतेक या मुलांना जड जातात. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळ्या पाडलेल्या मराठी गोष्टी मोफत मिळतात. छापून, मधोमध टाचून पुस्तिका करा. कपाटाला कुलूप लावू नका. पानं फाटली तर फाटू देत.

रोजचा तास कसा असावा

पहिली पाच मिनिटं कालचं वाचलेलं पुन्हा वाचणं, ज्यात हमखास यश येतं असंच. मग दहा मिनिटं नवं अक्षर, चिन्ह किंवा शब्दाचा प्रकार. मग दहा मिनिटं त्याच अक्षरांचा मजकूर. पाच मिनिटं ऐकून लिहिणं. उरलेल्या दहा मिनिटांत तुम्ही त्यांना छान गोष्ट वाचून दाखवायची, त्यांना स्वतःला वाचता येण्याच्या बरीच पुढची. वेळ कमी पडला तर हा भाग आधी कापला जातो. तो कापू नका. वाचायची ओढ तिथूनच लागते.

नोंदवही साधी ठेवा. प्रत्येक मुलाला एक पान, त्यावर तारीख, काय वाचलं आणि कुठे अडलं. 'प्रगती समाधानकारक' असं लिहून तुम्हालाच काही कळणार नाही. 'रफार अजून सुटतो, वेलांटी पक्की' लिहा. ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर जाणारी मुलं दिवाळीच्या सुमारास गटातून नाहीशी होतात आणि कारखाने बंद झाल्यावर परततात. जाताना त्यांच्या हातात चार पुस्तिका आणि शब्दपट्ट्या द्या. आल्यावर पहिल्या आठवड्यासारखी तपासणी पुन्हा करा.

पालकांना बोलावलंत तर तक्रार सांगायला बोलावू नका. मुलाकडून त्यांच्यासमोर एक ओळ वाचून घ्या. आईला स्वतःला वाचता येत नसेल तरी ती रोज संध्याकाळी पाच मिनिटं मुलाचं वाचन ऐकू शकते, आणि तेवढीच मदत मागा.

महिने उलटूनही हलत नसलेली मुलं

आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्याला या मुलांची नावं वेगळी काढून द्या. फळ्यापासून लांब बसून डोळे बारीक करणारं, किंवा 'प' सांगितल्यावर 'ब' लिहिणारं मूल नजरेत ठेवा.

तेही ठीक असेल, मूल नियमित येत असेल, तोंडी हुशार असेल, तरीही कालचं अक्षर आज नवं वाटत असेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता तपासायला हवी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांमार्फत पुढे जा. मुंबईत शीव, केईएम आणि नायर रुग्णालयांत यासाठी तपासणी होते. तुम्ही स्वतः पालकांसमोर 'डिस्लेक्सिया' हा शब्द उच्चारू नका, ते निदान तुमच्या हातात नाही. आणि प्रमाणपत्र येईपर्यंत तुमचा तास थांबवू नका. या मुलांनाही तीच अक्षरं, तेच शब्द लागतात, फक्त गट आणखी लहान आणि सराव कितीतरी जास्त.

गटातून मोकळं कधी करायचं

न पाहिलेला, त्याच्या इयत्तेच्या आसपासचा उतारा मूल थोडंफार अडखळत का होईना वाचतं, अडलेल्या शब्दाशी स्वतः परत येऊन तो सोडवतं आणि वाचलेलं आपल्या शब्दांत सांगतं, असं दोन-तीन पंधरवडे दिसलं की त्याला वर्गात परत पाठवा. एकदम तोडू नका. पहिला महिना आठवड्यातून एकदा बोलवा, वाचून घ्या. वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की त्याला वर्गात मोठ्यानं वाचायला द्यायचं तर आदल्या दिवशी परिच्छेद दाखवावा, म्हणजे तो घरून तयारी करून येईल. त्याची गटातली जागा रिकामी झाली की वर्गशिक्षकांकडून पुढचं नाव घ्या आणि त्या मुलाला शेजारी बसवून तपासणीपासून सुरुवात करा.